डाव्या चॅनलचा दोष

"जाऊ द्या बाबा, वय झालं की होतं असं," असं मी माझ्या सासऱ्यांना घरी आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणालो. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी दुरुस्त केला होता, बिघडवला नव्हता. त्याच दिवशी सकाळी, ते फिरायला बाहेर पडलेले असताना, तो मी जाळला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना स्वतःला सावरून घ्यायचा मोह होईल, आणि ते मी त्या काळात पुरेसं केलं आहे.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं होती. आम्ही जर्मनीत वोल्फ्सबुर्गला राहत होतो. गाड्यांच्या कारखान्यात बाहेरून आलेला एखादा सुटा भाग सदोष निघाला, की दोषाचं मूळ कारण शोधून अहवाल लिहायचा, ही माझी नोकरी. चूक नेमकी कोणाची हे ठरवण्याचाच मला पगार मिळत होता. पुरवठादाराकडची माणसं आढेवेढे घ्यायला लागली की मला त्यांचा राग यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. सासूबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. बाबांचं सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मांडवातले अ‍ॅम्प्लिफायर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. दुकान बंद केलं तरी घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडून त्यांची दुरुस्ती चालूच होती. माझ्याशी मात्र ते फार बोलायचे नाहीत. मी जावई. मला बसायला चांगली खुर्ची, पहिली गरम पोळी, आणि हाक कायम 'अहो जावईबापू'. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आमचं बोलणं हवा आणि प्रवास यांच्यापुढे गेलं नव्हतं.

मग तो स्टिरिओ आला. आमच्या रस्त्यावर कोणीतरी श्पेरम्युल काढलं होतं, म्हणजे घरातलं मोठं जुनं सामान नगरपालिकेने न्यावं म्हणून फुटपाथवर मांडून ठेवलं होतं. सोफा, गाद्या आणि त्यांच्यामागे सत्तरच्या दशकातला एक चंदेरी अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर. मी दोन खेपांत ते घरी आणलं.

"बाबा, बघा तुमचे जावई," बायको म्हणाली. "इंजिनियर म्हणून जर्मनीत आले आणि कचरा वेचायला लागले."

बाबांनी अ‍ॅम्प्लिफायर एका हाताने जरासा उचलून पाहिला. "वेचू दे की. वजन बघ याचं. हल्लीच्या डब्यांत नुसती हवा भरून देतात." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "स्क्रूड्रायव्हर आहे का हो घरात?"

पुढचे दोन आठवडे आमचं जेवणाचं टेबल त्यांचं दुकान झालं. मी ऑफिसातून साडेचारला यायचो आणि थेट त्यांच्या शेजारी बसायचो. सुकलेले कपॅसिटर एकेक काढून ते नवे लावत होते. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ते उघडून त्यांनी साफ केलं. स्पीकरच्या कागदी पडद्याभोवतीची फोमची कड हात लावला की पिठासारखी गळत होती. नवी कड मी पोस्टाने मागवली आणि त्यांनी माझ्याकडूनच चिकटवून घेतली. "दाबू नका. नुसतं ठेवा. गोंदाला त्याचं काम करू द्या." त्यांच्या हाताला बारीकसा कंप होता, पण सोल्डरिंगची गन जोडाजवळ पोचली की तो थांबायचा. हे मी रोज पाहत होतो. बोलता बोलता ते दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. एकाने रेडिओ दुरुस्तीला आणला, तर आत झुरळांचं अख्खं खटलं नांदत होतं. "भाडं घेत होतात का, म्हणून विचारलं त्याला," असं सांगून ते स्वतःच हसायचे. त्या टेबलाशी मी जावई राहिलो नव्हतो, आणि ते मला फार आवडत होतं.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेली वस्तू ते कधीच सरळ भिंतीतल्या प्लगला लावत नसत. मध्ये शंभर वॅटचा एक साधा बल्ब असा जोडायचा की वीज आधी त्याच्यातून जाईल आणि मग वस्तूत. याला ते सिरीजचा बल्ब म्हणायचे. आत काही चुकून जुळलेलं असलं तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा जोर स्वतःवर घेतो, आणि वस्तू बहुतेक वेळा वाचते. आमच्याकडे त्यांनी भाजी चिरायच्या जुन्या पाटावर होल्डर बसवून तो तयार केला होता.

"आठ-पंधरा दिवस बल्बावर चालू दे," ते म्हणाले. "मग लावा भिंतीला."

"बाबा, आवाज वाढवला की सूर फाटतो त्याने."

"मग वाढवू नका. घाई काय आहे?"

घाई मला होती. येत्या शनिवारी दुपारी माझे दोन सहकारी बायकांसह जेवायला येणार होते. दोघेही पुण्याचे आणि दोघांकडे नव्या, महागड्या सिस्टिम होत्या. रविवारी आवाज मोठा केला तर खालचे शेजारी तक्रार करतात, म्हणूनच मी शनिवार ठरवला होता. रस्त्यावरून उचललेला डबा त्यांच्या सिस्टिमच्या तोडीचा वाजतो हे मला दाखवायचं होतं, आणि शोभेला मध्ये भाजीच्या पाटावरचा बल्ब नको होता. स्पीकरसाठी बोटाएवढी जाड नवी केबलही मी गुपचूप आणून ठेवली होती.

शनिवारी सकाळी बायको मुलीला घेऊन बाजारात गेली आणि बाबा तळ्याकडे फिरायला गेले. मी बल्ब बाजूला केला, अ‍ॅम्प्लिफायर सरळ भिंतीला लावला, जुन्या तारा काढून नवी केबल बसवली. जाड केबलमध्ये तांब्याच्या बारीक तारा, म्हणजे केस, खूप असतात. ते नीट पिळून घ्यावे लागतात. डावीकडे दोन-तीन केस सुटून शेजारच्या टोकाला टेकले होते. मी पाहिलं नाही. गाणं लावलं आणि आवाज अर्ध्याच्या वर नेला.

काही क्षण फार सुंदर वाजलं. मग डाव्या स्पीकरमधून कट्ट असा आवाज आला, जळका वास आला, आणि उजवा तेवढा गात राहिला. मी बंद केलं. वाकून पाहिलं तर ते केस दिसले. कारण शोधायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझा धंदाच तो.

पुढे मी जे केलं ते घाईत झालं असं म्हणता येणार नाही. मी खिडक्या उघडल्या. नवी केबल गुंडाळून तळघरात हिवाळी टायरांच्या मागे टाकली. जुन्या तारा होत्या तशा लावल्या. बल्ब पुन्हा मध्ये जोडला. बाबा परत आले तेव्हा मी कोशिंबिरीसाठी काकडी कोचत होतो. त्यांना सांगायला पुरेसा वेळ होता. मी मनाशी म्हणालो, पाहुणे गेले की सांगू.

जेवणं झाल्यावर एक सहकारी म्हणाला, "काका, आता तुमचं मशीन ऐकवा की. हा ऑफिसात दुसरं काही बोलतच नाही."

बाबा उठले. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता. बटण दाबलं आणि पाटावरचा बल्ब लख्ख पेटला, पेटलेलाच राहिला. त्यांनी झटकन बंद केलं.

"वा, उजेड झकास पडला," दुसरा सहकारी म्हणाला. "गाणं कुठे राहिलं?"

सगळे हसले. बाबाही थोडे हसले. चष्मा लावून त्यांनी वरचं झाकण काढलं, मीटरच्या सुया इकडे तिकडे टेकवल्या आणि म्हणाले, "डाव्या बाजूचे ट्रान्झिस्टर गेलेत."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी हात लावला होता का, हा प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला होता, असं मला आजही वाटतं. काल संध्याकाळपर्यंत नीट वाजणारी वस्तू आपोआप जळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुकानात गिऱ्हाइकाला त्यांनी सरळ विचारलं असतं. पण जावयाला, त्याच्या घरात, त्याच्या मित्रांसमोर असं विचारायचं नाही ही त्यांची रीत होती. त्या रीतीच्या आडोशाला मी उभा राहिलो. आणि मी काही बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी दोष स्वतःकडे घेतला.

"काल शेवटी तिथला एक जोड मी पुन्हा मारला होता," ते म्हणाले. "सोल्डर ओघळून शेजारी लागलं असेल. हात हलतो हो आता."

तेव्हा मी ते वय झाल्याचं वाक्य बोललो. समजूत काढल्याच्या सुरात. दोन्ही वहिनींनी माना हलवल्या. जावई किती चांगला आहे असंच त्यांना वाटलं असणार. बाबा "हो, हो" म्हणाले आणि झाकण बसवायला लागले. चारही स्क्रू लावून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

त्यानंतरचे पाच आठवडे त्यांनी गनला हात लावला नाही. मुलीने एक बंद पडलेली बोलणारी बाहुली आणून त्यांच्यापुढे धरली. "आजोबा, कापुट." एरवी त्यांनी लगेच ती उघडली असती. "आईकडे दे," एवढंच ते म्हणाले. माझ्याशी बोलणं पुन्हा हवेवर आलं.

ते सांगलीला परतल्यावर मी अ‍ॅम्प्लिफायर जवळच्या ब्राउनश्वाइग शहरातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, भिंगातून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे सोल्डरिंग कोणाचं?"

"माझ्या सासऱ्यांचं."

"असं काम आता बघायला मिळत नाही. या जोडांचा काही दोष नाही. स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकल्या असणार."

पुढच्या रविवारी फोनवर बाबांनी स्वतःहून विषय काढला. "काय निघालं हो त्यात?"

"ट्रान्झिस्टर बदलले. आता वाजतोय."

"माझ्या जोडाचंच होतं ना?"

"तसं काही बोलला नाही तो," मी म्हणालो.

म्हातारा नेमकं काय बोलला होता ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न तारांचा आला असता. आमच्या घरी मग स्टिरिओ उत्तम वाजत असे. मी तो फारसा लावत नसे. बायकोला वाटलं माझी हौस फिटली.

पुढच्या डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो. पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं. त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचलेली होती. गन, मीटर, डबीतले स्क्रू, सगळं त्यांनी ओळखीच्या एका दुकानदाराला देऊन टाकलं होतं. बायकोने विचारलं तर म्हणाले, "पडून काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू पिशवीत रेडिओ घेऊन आल्या. "भाऊ, एवढा बघा हो. बातम्या ऐकल्याशिवाय यांना घास उतरत नाही."

"आता मी नाही करत."

"काय सांगता? गेल्या वर्षी मिक्सर करून दिलात की."

"तेव्हाचं सोडा." बाबा हसले आणि मान माझ्याकडे वळवून त्यांना म्हणाले, "जर्मनीत यांचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर जाळला मी. चार माणसांत यांना खाली बघायला लावलं. यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, हा यांचा मोठेपणा. पण आपलं आपल्याला कळायला नको का?"

काकू पिशवी उचलून निघाल्या. त्या गेल्या की बाबांशी एकट्यात बोलावं, असं मी आधी ठरवलं. पण मी त्यांना कमी लेखलं होतं ते चारचौघांत. आता माफी तेवढी दार लावून मागायची, हे मला पटेना. "काकू, जरा बसता का?" मी म्हणालो. त्या गोंधळून बसल्या. स्वयंपाकघराच्या दारात बायको हात पुसत येऊन उभी राहिली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "तो अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या हाताने जळला नाही. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा मी तुमचा बल्ब काढला, जाड केबल लावली, तिचे केस टेकले आणि डावी बाजू जळली. मग मी सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं आणि गप्प बसलो. तुमचे जोड बघून तिथला दुरुस्तीवाला म्हणाला होता की असं काम आता बघायला मिळत नाही, आणि दोष तुमचा नाही. तेही मी तुमच्यापासून लपवलं. तुमच्या वयाचं नाव मी घेतलं ते माझी चूक झाकायला. तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."