उन्हाळा धरून सांग

"दार तोडू नका! सागवानाचं हाये!"

आतून भाऊ ओरडत होते. बाहेर वहिनी दोन्ही हातांनी दार बडवत होत्या आणि मी धक्के देऊन देऊन खांदा सोलून घेतला होता. अहेरीकडचं सागवान ते. त्याच्यावर हत्ती सोडला असता, तर त्यानंही सोंडेनं कडी वाजवून "घरात हाये का कोणी?" असं अदबीनं विचारलं असतं.

"मग आतली कडी तरी काढा ना, भाऊ!"

"उठता येऊन नाई राह्यलं! गुडघे धरले. टबाच्या बाहेर भट्टी, आत बर्फ. असं काऊन झालं?"

काऊन झालं ते सांगतो. त्याआधी भाऊ सांगितले पाहिजेत.

हे माझे चंद्रपूरचे शेजारी. उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत पंप चालवण्यात गेलं, गुडघाभर पाण्यात उभं राहून. निवृत्तीला गुडघे तेवढे घरी आले, ते भांडतच. पण भाऊंची खरी ओळख म्हणजे त्यांचं एक वाक्य. कोणी म्हणालं, "नागभीड दोन-अडीच तास," की भाऊ म्हणणार, "उन्हाळा धरून सांग." सांगणारा विचारात पडायचा आणि म्हणायचा, "मग संध्याकाळीच निघा."

तुम्ही आमचा मे महिना पाहिला असेल तर हसणार नाही. सकाळी दारं-खिडक्या बंद झाल्या की माणूस दिवसभर आपल्याच घरात कैदी. कावळे उडत नाहीत, सावलीसावलीनं पायी जातात. एकाला तर मी रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघताना पाहिलंय.

दिवाळीत भाऊ न्हाणीत पडले. पुण्याचा मुलगा आला होता, त्यानं उचललं आणि तिथंच बजावलं, "बाबा, पुन्हा तुम्हाला उचलायची वेळ आली, की या घराला कुलूप. तुम्ही दोघं माझ्याकडे."

त्याचा फ्लॅट बाराव्या माळ्यावर. भाऊ मला म्हणाले, "खाणीत अडकलो तर वरून दोर येते. बाराव्या माळ्यावर अडकलो तर दोर कुठून येईन गा?"

मग डॉक्टरांनी गुडघ्याची सूज पाहून थंड पाण्याचा उपाय सांगितला. भाऊंनी टब आणला, खोलीच्या मधोमध ठेवला आणि हिवाळाभर आमच्या बोअरच्या पाण्यात बसले. संक्रांतीला बिनकाठीनं पानठेल्यापर्यंत गेले. पानवाल्यानं त्या दिवशी पान फुकट दिलं. चंद्रपुरात याहून मोठा सत्कार होत नाही.

पण एप्रिल आला, बोअरचं पाणी आटलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं, की त्यात तूरडाळ सोडली असती तर वरणच नळाला आलं असतं. पाणी थंड करायचं मशीन, चिलर, घेणं आलं. भाऊंनी पुण्याच्या दुकानाला फोन लावला, स्पीकरवर. अख्खी गल्ली ओसरीत ऐकायला.

"चारशे लिटरचा टब ना काका? अर्ध्या एचपीचा पुरेल."

"उन्हाळा धरून सांग."

"धरलाय की. पस्तीस डिग्री."

भाऊ इतके हसले की वहिनींनी पाणी आणलं. "पस्तीस? त्याले आमी इथी सकाळ म्हणतो, बाप्पा!"

"मग एक एचपी घ्या."

"अन् मे महिन्यात काय तुझ्या घरी येऊन बसू? दोनचा पाठव."

आलं. दोन एचपीचं ते धूड म्हणजे हेला, चांगला पोसलेला रेडा, फक्त शिंगं नव्हती. टबाशेजारी मावेना. तेव्हा सगळ्या गल्लीनं मिळून एकमतानं त्याला कूलरच्या स्टँडवर, खिडकीत चढवलं. त्याला पंखा होता. आणि पंखा दिसला की तोंड घरात, हा आमच्याकडे पाळण्यातच होणारा संस्कार. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून फटींत ओली पोती कोंबली. कूलर थंड हवा फेकतो, पण हे मशीन पाण्यातली उष्णता काढून त्या पंख्यातून फेकतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जेवढं मोठं मशीन, तेवढी मोठी भट्टी.

भाऊ चड्डीवर. गल्ली डोकावेल म्हणून त्यांनी कडी घातली, बटण दाबलं आणि टबात बसले. पुढचं तुम्ही ऐकलंच.

वहिनींनी मेन स्विच पाडला. आम्ही बाहेरून मशीन ओढून काढलं आणि त्या खिडकीतून मी आत शिरलो. म्हणजे अर्धा शिरलो. माझं पोट चौकटीत बसलं ते एवढं फिट्ट, की सुतारानं माप घेऊन केलं असं वाटावं. डोकं भट्टीत, पाय गल्लीत. भाऊ टबातून माझ्याकडे बघत होते, मी भाऊंकडे.

"तू बी अडकला का?" भाऊ म्हणाले.

मागून गल्लीनं मला ढकललं तेव्हा मी थेट टबाजवळ पडलो. कडी काढली. भाऊंना दोन्ही काखांत धरून उचललं. हलके लागले, फार हलके. माझ्या कानाशी ते हळूच म्हणाले, "पोराले सांगू नको."

दारात वहिनी उभ्या होत्या. घाबरून त्यांनी पोरालाच व्हिडिओ लावला होता. फोन आमच्याकडे धरलेला. त्यातून तो सगळं बघत होता.

त्याच आठवड्यात तो आला. सागवानी दाराला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे.

मी मशीन उलटं फिरवून बसवलं. तोंड बाहेर. पाणी असं झालं म्हणता, पौषातली वैनगंगा! बोट घातलं तर बोटानं स्वेटर मागितलं. लगेच फोन लावला.

"भाऊ, मशीन जमलं! पाणी तयार हाये. कधी येता? उन्हाळा धरून सांगा."

पलीकडे लिफ्टची घंटी वाजल्यासारखं वाटलं.

"इथी उन्हाळा नाई," भाऊ म्हणाले.