ताईचे झिंगे

फोन काकूचा होता. "माला गेली गं. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तर उघडेना... तू ये. बायका जमल्यात, तोवर आम्ही आंघोळ घालून ठेवतो." मी जळगावात, कणीक मळत उभी. रडायचं सुचलंच नाही. ओरडले, "मी येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही!" काकूला वाटलं, धक्क्यानं माझं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. माला म्हणजे माझी थोरली बहीण, माझी ताई; तिनं माझ्याकडून एकच शब्द घेतला होता : शेवटची आंघोळ मी एकटीनं घालायची. आणि बुऱ्हाणपूर गाठायला मला दुपार होणार होती.

का, ते आता लिहिते. "मी गेल्यावर लिही. खरं लिही, उगीच देवी करू नको माझी," असं तीच म्हणाली होती.

आमचे बाबा कागद गिरणीत नोकरीला. ताई सतराची झाली तरी तिला पाळी येईना, तेव्हा बाबा तिला इंदूरला घेऊन गेले. ऑपरेशन झालं. "पोटात गाठ होती, काढली," एवढंच घरी सांगितलं. पुढे स्थळं यायची आणि बाबा दारातूनच परत पाठवायचे. खरं काय ते आईला, बाबांना आणि काकूला ठाऊक होतं. जिचं शरीर, ती सोडून सगळ्यांना. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण याचा राग मला अजून येतो.

ताई प्राणिशास्त्र शिकली, इथंच बुऱ्हाणपुरात कॉलेजात शिकवायला लागली. तापीतले झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, हा तिच्या संशोधनाचा विषय. आई नाकाला पदर लावायची. "हे काय घरात आणू राहिली तू?" ताई म्हणायची, "खात नाही गं, बघते फक्त." नर झिंग्याच्या शेवटच्या पायाच्या मुळाशी एक बारीकशी ग्रंथी असते. तिच्या स्रावामुळे तो नर होतो. पिल्लू असतानाच ती काढून टाकली, तर तोच जीव मादी होऊन वाढतो, अंडीसुद्धा घालतो. "घडण नराची, पण हुकूम सोडणारंच कोणी नाही," ताई मला समजवायची, आणि मी म्हणायची, "आधी मेथी निवड."

हेच वाचता वाचता तिला स्वतःचं कळलं. माणसांतही अशी मुलगी जन्माला येते, जिची गुणसूत्रं मुलाची असतात, पोटात वृषणं असतात, पण त्यांचा हार्मोन शरीर जुमानतच नाही. ते मुलीचंच वाढतं, फक्त पाळी येत नाही. पुस्तक मिटून ताई तडक बाबांपुढे उभी राहिली. मी तिथंच होते. "बाबा, ती गाठ नव्हती ना?" बाबा म्हणाले, "डॉक्टर बोलले, पोरीला सांगू नका, जीव देईल." ताईचा आवाजही चढला नाही. "झिंग्याला मादी करायला कापावं लागतं. मी तर होतेच बाई... मला नुसतं विचारायचं तरी." त्यानंतर तिनं गावातच, बुधवारा मोहल्ल्यात वेगळं घर घेतलं. बाबा त्या घराची पायरी कधी चढले नाहीत. त्याच घरात तिनं माझ्याकडून तो आंघोळीचा शब्द घेतला : "मेल्यावर तरी बायकांनी मला तपासायला नको."

कॉलेजात एकदा बाहेरून कोणी साहेब तपासणीला आले. ग्रंथी काढलेल्या झिंग्याच्या टाकीवर त्यांनी 'नर, बदललेला' अशी पट्टी लावायला सांगितली. साहेब जीपमध्ये बसेपर्यंत ताई थांबली. मग ती पट्टी खरवडून काढली आणि दुसरी लावली : 'मादी'. "पोटाशी अंडी घेऊन बसली बिचारी, आणि हे तिला नर म्हणू राहिले," मला सांगताना ती हसली होती. निवृत्त होताना तेवढी टाकी तिनं घरी आणली.

मी पोचले तेव्हा पाणी तापलेलं होतं. काकू शेजारणीला हळूच सांगत होती, "हिले साडी कायले नेसवता? हे काय होतं, ते हिच्या बापाले अन् मले माहीत." काकू ऐंशीच्या घरातली. तरी मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, मागोमाग बाकीच्या बायकांनाही, आणि आतून कडी लावली. ताई अंगानं भारी होती, मला एकटीला वळवेना. पोटावरचा तो व्रण मी पहिल्यांदाच पाहिला... चांगली साडी नेसवली, कुंकू लावलं. काकू बाहेरून दार ठोठावत होती, अशी रीत नाही म्हणत होती. मी शब्द पाळला, पण दहाव्यापर्यंत गोष्ट बुधवाऱ्यातून पार राजपुरा मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. अंगाला हात लागू दिला नाही मी, तोंडं कशी धरणार?

घर आवरायला मी इथंच राहिलेय. मागच्या खोलीत टाकी आहे, दोन-तीन झिंगे उरलेत. एकीच्या पोटाखाली अंडी आहेत, ती पाय हलवून त्यांच्यावर सारखं पाणी घालते. परवा काकू तांब्याचा हंडा न्यायला आली आणि टाकीपाशी थांबली.

"हे नर का मादी?"

मी पट्टीकडे बोट दाखवलं. काकूनं चष्मा लावला, ताईच्या अक्षरातलं 'मादी' वाचलं, आणि हंडा तिथंच ठेवून खाली बसली.