बेंबीपासून अडुसष्ट मिलिमीटर

"तोंडी नको. कागदावर दाखव."

कुणी काही समजावून सांगायला लागले की आमचे साहेब एवढे बोलून कानामागची पेन्सिल काढायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. मशीनचा भाग असो, घराचा पत्ता असो, की सुनेच्या माहेरचे नाते असो. एकदा कॅन्टीनवाला कढी का फाटली याचे कारण सांगू लागला, तर त्याच्याही हातात पेन्सिल आली. त्या बिचाऱ्याने एक पातेले काढून दाखवले.

बडोद्यात मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात ते हेड ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली. संगणक यायला अजून अवकाश होता. लांबलचक हॉलमध्ये आमचे दहा-बारा बोर्ड असायचे आणि त्यांतून कागदावर उतरलेली प्रत्येक रेघ साहेबांच्या नजरेखालून जायची. त्यांचा एक नियम होता, की ज्याने ड्रॉइंग काढले त्याने ते तपासायचे नाही. "आपली चूक आपल्याला दिसत नाही. दिसली असती तर केलीच नसती," ते म्हणायचे. दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय कागद हॉलबाहेर जात नसे. त्यांचे स्वतःचे ड्रॉइंगसुद्धा मी तपासायचो, आणि मला त्यात आठ वर्षांत दोनच चुका सापडल्या. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला.

आता असा काटेकोर माणूस तुम्ही शांत, बैठा असा डोळ्यांपुढे आणला असेल. तसे काही नव्हते. साहेब कधी बसायचेच नाहीत. एक रेघ मारायची, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, दुसरी रेघ मारायची. त्यांच्या फेऱ्या पाहून आम्हाला चक्कर यायची. बसमध्ये जागा रिकामी असली तरी ते करजणपर्यंत उभे जात. पाणीगेटच्या घरी ते ओट्याशी उभे राहून जेवत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "उभ्याने जेवलेलं अंगी लागत नाही." त्यावर ते म्हणायचे, "नाही लागलं तरी चालेल." लग्नात पंगती जाऊन बुफे आला तेव्हा जुनी माणसे हळहळली. बडोद्यात त्याचा मनापासून आनंद झालेले एकमेव मराठी गृहस्थ म्हणजे आमचे साहेब.

कारण होते पोट. पोट म्हणजे सगळे पोट नव्हे. उजव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, एका बोटाखाली झाकेल एवढी जागा. तिथे दुखायचे, आणि ते थांबायचे नाही. "बसलो की वाढतं, कुशीवर वळलो की वाढतं, आणि शिंक आली तर विचारूच नकोस," ते सांगायचे. चालत राहिले की जरा सहन व्हायचे, म्हणून ते चालत राहायचे.

उपाय करायचे त्यांनी काही बाकी ठेवले नव्हते. आधी अपेंडिक्स काढून झाले. ते गेले, दुखणे राहिले. मग पित्ताच्या खड्यांचा संशय, मग मूतखड्याचा, मग अल्सरचा, मग जंतांचा. करजणच्या एका वैद्यांनी वायू धरून काढे दिले, ते त्यांनी वर्षभर प्यायले. दुर्बिणी घालून झाल्या. "वरून पाहिलं, खालून पाहिलं," ते म्हणायचे, "दुखतंय तिथे कुणी पाहत नाही." सगळे रिपोर्ट नॉर्मल यायचे. माणसे नॉर्मल शब्द ऐकून पेढे वाटतात; साहेबांचे तोंड उतरायचे. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी काकूंना एकट्यांना आत बोलावले आणि सांगितले की हे मनाचे आहे. काकूंनी ते बहिणीला सांगितले, बहिणीने जाऊबाईंना. महिन्याभरात गावात अकोट्यापासून पाणीगेटपर्यंतच्या सगळ्या नात्यागोत्यात झाले, की त्यांचे ते मनाचे आहे.

ऑफिसातही तेच. गुजराती मंडळी त्यांना मागे 'पेटवाळा काका' म्हणायची. आणि मी काय करायचो, तेही सांगून टाकतो. मी कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. पोटावर बोट, चार पावले पुढे, चार मागे, मध्येच एक सुस्कारा. मोठा हशा व्हायचा. एकदा हशा एकदम थांबला म्हणून वळून पाहिले, तर दारात साहेब. मला वाटले, नोकरी गेली. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बोट तू डावीकडे ठेवलंस. उजवीकडे हवं." आणि चहा घेऊन चालत निघून गेले. त्या दिवसाची लाज अजून माझ्या अंगावर आहे.

नंतर आठवड्याभराने त्यांनी मला ते ड्रॉइंग दाखवले. ट्रेसिंग पेपरवर काढलेले त्यांचे स्वतःचे पोट, पूर्ण मापाचे. समोरून आणि बाजूने. बेंबीतून जाणारी उभी मध्यरेषा, आणि एका बारीक वर्तुळाला माप दिलेले: बेंबीपासून उजवीकडे अडुसष्ट मिलिमीटर, खाली बावीस. खालच्या चौकटीत भागाचे नाव 'उदर'. कोपऱ्यात दुरुस्त्यांचा तक्ता. दर काही महिन्यांनी ते पुन्हा मापायचे आणि एक ओळ भरायचे. नऊ ओळी होत्या आणि नऊही ओळींत लिहिले होते, 'बदल नाही'. हा कागद ते प्रत्येक डॉक्टरपुढे उलगडत. डॉक्टर कागदाकडे पाहत, मग साहेबांकडे, मग काकूंकडे. मनाचा निकाल इतक्या झटपट का लागला, हे मला तेव्हा कळले. खरे सांगायचे तर तो कागद पाहून माझेही मत डॉक्टरांच्याच बाजूने झाले होते.

त्याच सुमारास गावातल्या एका मोठ्या इस्पितळात नुसत्या दुखण्यासाठी म्हणून वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. काकू म्हणाल्या, "मी नाही येणार. तिथेही तेच ऐकायचं." मग साहेबांनी मला विचारले. मी लाजेपोटी हो म्हटले. सिटी बसने गेलो, दोघेही उभे.

तिथल्या डॉक्टरबेन तिशीच्या होत्या. मराठी शेजारात वाढलेल्या, त्यामुळे बोलणे निम्मे मराठी, निम्मे गुजराती. साहेबांनी कागद उलगडला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. डॉक्टरबेन मात्र तक्त्याची एकेक ओळ वाचू लागल्या.

"नऊ वेळा मापलं, काका? अने एकेय वखत जग्या बदलाई नथी?"

"नाही. जागा एक मिलिमीटरसुद्धा हलली नाही."

"पोटाच्या आतलं दुखणं असं एका जागी बसत नाही. ते पसरतं, फिरतं." त्यांनी वर्तुळावर बोट ठेवले. "हे आत नाही, काका. आ तो पोटाच्या भिंतीमां छे."

त्यांनी साहेबांना झोपवले, बोटाने चाचपत दुखरी जागा शोधून दाबून धरली आणि म्हणाल्या, आता मान वर उचला. साहेब कळवळले. डॉक्टरबेन मात्र खूश झाल्या. पोट ताठ केल्यावर आतले दुखणे झाकले जाते, कमी होते. इथे वाढले, म्हणजे दुखणे पोटाच्या स्नायूत आहे. तिथून बाहेर येणारी एक बारीक नस चिमटली गेली आहे. तिथे बधिर करणारी सुई देऊन पाहू. त्यांनी आजाराचे लांबलचक इंग्रजी नाव कागदावर लिहून दिले. साहेब व्हरांड्यात तो कागद वाचत येरझारा घालत होते. "आहे रे," ते म्हणाले. "त्याला नाव आहे." अकरा वर्षे या माणसाला कुणी एवढेसुद्धा दिले नव्हते, त्यात मीही आलो.

सुईच्या दिवशी डॉक्टरबेन रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर होते. आणि साहेबांनी, डॉक्टरांना त्रास नको म्हणून, सकाळीच घरी आरशासमोर उभे राहून, पट्टी लावून, पोटावर शाईची फुली करून आणली होती. डॉक्टरांनी फुलीवर बोट दाबून विचारले, "इथेच ना?" साहेब म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे इथेच." सुई दिली. काही फरक पडला नाही. पंधरा दिवसांनीही नाही.

ते दिवस फार वाईट गेले. साहेबांच्या फेऱ्या खिडकीवरून जिन्यापर्यंत वाढल्या. पेन्सिल चालता चालता मोडायची. डॉक्टरबेनकडे पुन्हा जा म्हटले तर म्हणायचे, "कशाला? नसेल नस. असेल मनाचंच." त्यांच्या तोंडून ते ऐकले आणि माझा संताप झाला. मी त्यांच्या कपाटातून ड्रॉइंग काढले आणि माझ्या बोर्डावर लावले. रोजच्या सवयीने तपासायला म्हणून खालची चौकट पाहिली. काढणारा, साहेब. तपासणारा, कोणीच नाही. नऊ ओळींत एकदाही नाही.

"साहेब, हे मापलंत कसं?"

"आरशासमोर. उभ्यानं."

"आणि सुई घेतलीत कशी?"

ते थांबले. खरोखरच, फेरी अर्धी टाकून थांबले.

दुपारच्या सुट्टीत हॉल रिकामा झाल्यावर ते प्रिंट पसरायच्या मोठ्या टेबलावर शर्ट वर करून उताणे झोपले. उभे राहिले की साहेबांचे पोट ओघळायचे, झोपले की कातडी वर सरकायची, आणि तिच्यावरची फुलीही. नस आपली जागच्या जागी. मी माझ्या बोटाने दाबत गेलो. जुन्या खुणेवर ते गप्प राहिले. दोन बोटे खाली आलो आणि त्यांनी माझे मनगट घट्ट धरले.

"त्या दिवशी खुणेवर दाबलं तेव्हा तुम्हाला कळलं नाही, की दुखत नाहीये?"

"कळलं होतं," ते छताकडे पाहत म्हणाले. "मला वाटलं, ड्रॉइंग कसं चुकेल."

मी नवे माप घेतले, ओळ भरली आणि तपासणाऱ्याच्या चौकटीत सही केली. माझ्या सगळ्या नोकरीतली हीच एक सही मला महत्त्वाची वाटते.

डॉक्टरबेननी कागद बाजूला ठेवला, पहिल्यासारखीच स्वतः बोटाने जागा शोधली आणि सुई दिली. दहा मिनिटांनी साहेब उठून बसले आणि बसूनच राहिले. त्यांना काय करावे कळेना. त्यांनी एकदा मुद्दाम खोकून पाहिले. मग बाहेर येऊन त्यांनी मला सेव-उसळ खायला नेले, आणि खुर्चीवर बसून खाता खाता ते रडले. मीही काही कमी रडलो नाही.

आणखी एक सुई झाली. तीन महिने कळ आली नाही, तेव्हा त्यांनी सबंध कारखान्यात पेढे वाटले. काकूंनी सत्यनारायण घातला आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना बोलावले. काकू मला म्हणाल्या, "आम्ही फार बोललो हो त्यांना." साहेब ऑफिसात बोर्डापुढे बसून काम करू लागले. निवृत्त होईपर्यंत दोन वर्षे ते आमच्यासारखेच बसत होते. निवृत्तीनंतर तीन वर्षांत ते गेले. हृदयाने दगा दिला, सकाळी चहा पिताना.

त्यानंतर वर्षभराने आईच्या खांद्यासाठी मी तिला डॉक्टरबेनकडे नेऊ लागलो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांनी मला ओळखले आणि विचारले, "पेला ड्रॉइंगवाळा काका केम छे? हमणां आवता नथी."

ते का येत नाहीत, ते मी सांगितले; साहेबांना जाऊन वर्ष झाले होते. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "बिचारे. नंतर पुन्हा दर दोन महिन्यांनी यायचे. सुईचा असर तेवढाच टिकायचा, शेवटी शेवटी तर महिनाच. ऑपरेशन करून नस कापू म्हटलं, तर म्हणायचे, घरी काय सांगू?"

"पण ते बरे झाले होते," मी म्हणालो. "पेढे वाटले होते त्यांनी."

"तेच म्हणायचे. सबंध कारखान्यात पेढे वाटलेत, घरी पूजा झाली. आता पुन्हा दुखतंय म्हटलं तर पुन्हा मनाचंच ठरेल. एकटे यायचे, एकटे जायचे."

दोन वर्षे ते माझ्यासमोर बसले होते. मध्ये एका बोर्डाचेही अंतर नव्हते. त्यातले किती दिवस त्यांनी आमच्यासाठी बसून काढले, ते मला आता कळायचे नाही. दुसऱ्याची चूक शोधण्याचा पगार घेणारा मी, मला तेवढे दिसले नाही.

आई शेजारच्या खुर्चीवर पदर सावरत बसली होती. सकाळीच ती म्हणाली होती, आता अगदी बरे आहे, ही शेवटची खेप. मी तिला विचारले, "आई, खरं सांग, अजून दुखतंय?"

तिने आधी डॉक्टरबेनकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"दुखतं रे," ती म्हणाली. "तुला सारखी रजा काढावी लागते, म्हणून बोलले नव्हते."