मागची सीट

मच्छिंद्रच्या राजदूत फटफटीला बावीस वर्षं मागची सीट नव्हती. गाडी नवी घरी आली त्याच आठवड्यात त्याने ती सीट काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी लोखंडी कॅरेज ठोकून घेतलं. दुधाच्या धंद्यात माणसापेक्षा कॅनला मान. पहाटे उठून वरच्या डोंगरवाड्यांवर दारोदार दूध मापून घ्यायचं, आठच्या आत राजूरच्या डेअरीत आणून ओतायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. म्हशीला सुट्टी नसते, म्हणून मच्छिंद्रलाही नव्हती.

त्याची बायको बनुबाई आंबेवाडीची. घाट चढून गेलं की पहिली वाडी तीच. म्हणजे नवरा रोज दोनदा तिच्या माहेरच्या दारात उभा राहायचा, सासूच्या हातचा चहा प्यायचा, आणि ती मात्र दसऱ्याला माहेरी जायची ती जीपमध्ये नवव्या माणसाच्या मांडीला मांडी घासत. "पुढच्या दसऱ्याला सीट बसवतो, गाडीवर नेतो तुला," असं तो दर दसऱ्याला म्हणायचा. खोटं बोलायचा नाही बिचारा. पण कॅरेज उतरवून सीट चढवायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, आणि दूध अर्धा दिवस कुणासाठी थांबत नाही.

गाडीशी बनुबाईचा संबंध एवढाच, की पहाटे तेल ती घालायची. ही जुन्या जातीची गाडी, पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा पडून जागीच जाम होतो. खोकल्याच्या औषधाचं टोपण हे तिचं माप. लिटरला पाच टोपणं. मागे निळा धूर निघाला की तेल बरोबर पडलं असं समजायचं आणि भाकरीला बसायचं.

पुढे डेअरीचा टेम्पोच वाड्यांवर जाऊ लागला आणि मच्छिंद्रचा धंदा एका महिन्यात बसला. मुलाच्या, ओमच्या शिक्षणासाठी इंजिन विकलं, चाकं विकली, आणि मच्छिंद्र सुप्याला एका कंपनीत रंगाच्या खात्यात लागला. चौदा वर्षं पत्र्यावर रंग मारला. परत आला तेव्हा सोबत एक पिशवी, एक खोकला आणि मेलेलं नाक घेऊन आला. भाजी करपली तरी त्याला वास यायचा नाही. बनुबाई म्हणायची, "एक बरं हाय, माझ्या सैपाकाला नाव ठेवायची सोय न्हाई राहिली."

घरी आल्यावर आठ दिवस तो नुसता ओट्यावर बसून होता. नवव्या दिवशी गोठ्यात गेला आणि गवताखालून राजदूतचा सांगाडा ओढून बाहेर काढला.

"ह्याचं काय करता?" बनुबाईने विचारलं.

"जोडतो. दसऱ्याला तुला मागं बसवून आंबेवाडीला न्यायचं हाय."

"बैल गेला आन् झोपा केला," ती म्हणाली. "माझे गुडघे गेले, माझी आई गेली, आन् आता सीट!"

पण तिने सांगाड्यावरचं गवत झाडायला खराटा आणून दिला.

दीड वर्ष लागलं. नवं काही घ्यायचं नाही हे ठरलेलंच होतं, कारण नवं मिळतही नव्हतं आणि परवडतही नव्हतं. इंजिन मिळालं सोनईला. एका माणसाने ते फाटकाला टेकण म्हणून ठेवलं होतं. त्यासाठी मच्छिंद्र तीन वेळा एसटीने गेला. पहिल्या खेपेला मालक देईना, दुसऱ्या खेपेला भेटेना, तिसऱ्या खेपेला म्हणाला, "न्या, पण फाटकाला दुसरं काहीतरी आणून द्या." मच्छिंद्रने ओढ्यातला दगड आणून दिला. टाकी संगमनेरच्या भंगारातली, चाकं दोन गावांची दोन. मागचा दिवा टेम्पोचा. वेग दाखवणारा काटा मिळालाच नाही, आणि वेग कळून तरी काय करायचं होतं? सिलिंडर जवळच्या अकोल्याला लेथ मशीनवर घासून घेतला आणि त्याला मोठा पिस्टन बसवला. तोही कुणाचातरी वापरलेला.

शरीर मात्र पूर्वीचं राहिलं नव्हतं. एक बोल्ट सोडवायचा आणि दोनदा टेकायचं. पाना हातातून सुटायचा, वाकलेली कंबर सरळ व्हायला वेळ लागायचा. कधी कधी तो पाना मांडीवर ठेवून तसाच बसून राहायचा. आपण हे कशाला करतोय, असं त्याला दिवसातून एकदा तरी वाटायचंच. मग माळ्यावरची सीट दिसायची. उंदरांनी तिचा कापूस नेला होता, पण पत्रा शाबूत होता. टेम्पोचे हूड शिवणाऱ्याकडून त्याने तिला लाल रेक्झिन चढवून घेतलं. सगळ्या गाडीत नवी वस्तू तेवढीच.

ओमला हे सगळं आवडत नव्हतं. तोही सुप्यालाच नोकरीला, पण कायमस्वरूपी. त्याने बापाला बॅटरीवरची स्कूटर घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. मच्छिंद्र म्हणाला, "मला नको, तुझ्या बापाला दे." रागात माणूस काय बोलतो याला धरबंध नसतो. त्यानंतर चार महिने ओमने फोन केला तो फक्त आईला, आणि गाडीचं नाव घरात कुणी काढेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओम बायकोला, ज्ञानेश्वरीला घेऊन आला. मच्छिंद्रने दोन लिटर पेट्रोलमध्ये तेल कालवून टाकीत ओतलं, किक मारली. सहाव्या किकेला गाडी बोलली. निळ्या धुराने अंगण भरलं. ओम ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याला हसू आवरेना, आणि ते लपवताही येईना.

सकाळी पूजा झाली. झेंडूची माळ, हँडलला आपट्याची डहाळी, पुढच्या चाकाखाली लिंबू. बनुबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. सीटवर चढायला तिला ज्ञानेश्वरीने हात दिला. बसल्यावर तिने दोन्ही बाजूंना, जिथे कॅन लोंबायचे तिथे, हात फिरवून पाहिलं आणि मग नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

"धरून बस," मच्छिंद्र म्हणाला.

"धरलंय. चला."

लिंबू फुटलं आणि गाडी वेशीबाहेर पडली. भातं पिवळी पडायला लागली होती. ओळखीची माणसं हात करत होती, एक म्हातारा तर "दूध आलं का रे!" म्हणून ओरडला. मच्छिंद्रला हसू आलं. दीड वर्षाचा शीण खांद्यावरून उतरला म्हणावं, तर त्या खांद्यावर बनुबाईचा हात होता आणि तो त्याला बरा वाटत होता. वेशीपाशी ती एकदा मागे वळली होती, मग पुढेच बघत होती.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज आला. मागचं चाक फरपटलं आणि गाडी थांबली. मच्छिंद्रने पाय टेकून तोल सावरला. बनुबाई उतरली. त्याने किक मारली. किक खाली जाईचना. वाट पाहिली, इंजिन निवू दिलं, पुन्हा अंगाचा भार टाकला. आत पिस्टन आणि सिलिंडर एकजीव झाले होते.

काय चुकलं म्हणून त्याने टाकीचं झाकण उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. त्याने तर दोनच लिटर ओतलं होतं, त्यातलंही काल थोडं जळलं होतं.

"ही टाकी कुनी भरली?"

बनुबाई रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. "ओमनं. तुमी आंघोळीला गेल्ता तवा. कॅन भरून आणला पंपावरनं. मला म्हनला, आबांना सांगू नको, वाटेत संपायला नको त्यांचं."

"आन् तेल?"

"त्याला काय ठावं तेलाचं? त्याच्या गाड्यांना लागतंय का?"

मच्छिंद्र तिच्याकडे वळला. "तुला तर ठावं हुतं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

ती पदराचा काठ चाळवत राहिली. "वेशीपाशीच मी मागं वळून बघितलं. धूर निळा नव्हता. तुमाला वास येत न्हाई, मला येतो. तेलाचा वासबी न्हवता." मग म्हणाली, "कालच्या तेवढ्या तेलावर आंबेवाडीपतूर जाऊ असं वाटलं मला. पोराचा हात पहिल्यांदा लागला हुता गाडीला. त्याच्या बायकोसमोर त्याला काय म्हनू? तुमाला सांगितलं असतं तर तुमी त्याला सोडला नसता, आन् वर म्हनला असता, टाकी रिकामी करा, तेल आणा, दुकानं बंद, आज नको, पुढच्या दसऱ्याला." तिने पदराचा काठ सोडला. "माझ्याच्यानं आता पुढचा दसरा ऐकवत न्हाई वो. मला बसायचं हुतं."

मच्छिंद्रला राग यायला हवा होता. दीड वर्ष, तीन खेपा, ओढ्यातला दगड. पण राग यायलाही अंगात जीव लागतो. तो तिच्या शेजारी कठड्यावर बसला. बावीस वर्षं त्याने तिला जे ऐकवलं होतं, ते आज तिने एका वाक्यात परत केलं होतं.

फोन वाजला. ओम होता. "आबा, पोचला का?"

"न्हाई. तिसऱ्या वळणावर जाम झाली."

ओम घाबरला. "कशानं? माझं काही..."

"तुझं काय न्हाई त्यात. पिस्टन वापरलेला हुता, घाट सोसला न्हाई त्याला. माझीच हाव. तू पिकअप घेऊन ये." आणि मग, "टाकीत पेट्रोल हाय भरपूर. त्याची काळजी नको."

त्याने फोन खिशात ठेवला. वरून एक जीप आली, थांबली. ड्रायव्हरने विचारलं, आंबेवाडीला सोडू का, वळवतो. मच्छिंद्रने बनुबाईकडे पाहिलं. तिने नको म्हणून मान हलवली. जीप निघून गेली.

मग ती कठड्यावरून उठली. एक हात गुडघ्यावर ठेवून गाडीपर्यंत चालत गेली.

"स्टँडवर घ्या," ती म्हणाली.

मच्छिंद्रने गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, तिला हात दिला. ती लाल सीटवर बसली आणि लुगडं सारखं केलं.

"तुमीबी बसा की पुढं," ती म्हणाली. "पिकअप यायला येळ हाय."

तो पुढे बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.