वर हिरवं, खाली काळं

मंडळी, दुपारी मूर्तिजापूरच्या वावरातून अमरावतीला परतलो, तेव्हापासून साबणानं हात धुतोय. वास जात नाही.

दादानं तिथं वाइनच्या द्राक्षांची बाग लावली आहे. जमीन आमची काळी, भारी. पावसाचं पाणी निचरतच नाही, मुळाशी साचून राहतं. आज एक वेल सुकलेला दिसला म्हणून खणून पाहिला. मुळं काळी, सडलेली. मग शेजारचा हिरवागार वेल खणला. तोही तसाच!

दादाला दाखवलं, तर म्हणाला, "तू कावून अपशकून करून राहिला बे? बाकीची बाग पाय ना, कशी हिरवी हाये!"

तेवढ्यात नव्या रोपांचा टेम्पो आला.

द्राक्षवाल्यांनो, हिरव्या वेलाची मुळं जिवंत आहेत की नाही, हे न उपटता कळतं का? लवकर सांगा. उद्या लागवड आहे.