घोडे विचारून हवा देणारे मन्मथअप्पा

रोज सकाळी मन्मथअप्पा दोन उदबत्त्या लावायचे. एक महादेवाला, दुसरी मोटारसायकलच्या हेडला. इंजिनाच्या या डोक्यातूनच हवा आत शिरते. ब्लोअरने ती ओढून घेत, उदबत्तीचा धूर कुठे अडतो ते अप्पा बघायचे आणि तिथेच घासायचे. किती हवा जाते, हे काचेच्या नळीतल्या पाण्यावरून मोजायचे. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ असा, की नळीतल्या घोटभर पाण्यासाठीही बायको त्यांना झापायची. नम्रपणा मात्र अप्पांच्या गावी नव्हता. "माझ्या हातचं हेड वारा वळखतो," असं खुशाल सांगायचे.

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला, तो इंजिनाच्या ताकदीचा, "घोडे किती पायजेत?"

"तीस!" मी म्हणालो. आटलेल्या तलावात नांदेडच्या एका गड्याशी माझी पाव मैलाची शर्यत ठरली होती. हरलास तर गाडी सोडून आडत दुकानावर बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

"तुझी गाडी बावीसची हाय. तेवढीच हवा देतो. विहिरीचं तोंड मोठं केल्यानं पानी वाढत न्हाई, बाळा. भोक वाढवलं की हवा आळशी होती. सुटतानाच गाडी दम टाकंल."

मी पाया पडलो, रुसलो; अप्पा ढिम्म. वर आदल्या दिवशी कळलं, नांदेडकराचं हेडही यांनीच घासलंय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अप्पा, आपला जिल्हा कोणता?"

"जिल्हे सरकारनं येगळे केले. हवा येकच हाय ना? कशाला बोंबलायलास?" म्हणत त्यांनी मलाच चहा पाजला.

शर्यत मी एका चाकाने हरलो. डोळे भरून आले. वडील शेजारी येऊन उभे राहिले. तेवढ्यात अप्पा धोतर सावरत धावत आले. आधी नांदेडकराला मिठी, मग मला.

"मालक, लई भारी पळवली पोरानं! त्याचं इंजिन मोठं, सव्वीस घोड्यांचं. ह्याचं बावीसचं. तरी अंतर येका चाकावर आणलं!"

"मग ह्यालाच सव्वीसची हवा का न्हाई दिली?" वडिलांनी विचारलं. "आपल्या गावचं पोरगं हाय की."

"ह्याला पेलली नसती. आन् त्याची कमी केली असती, तर पाप झालं असतं."

जन्मभर तराजूपुढे बसलेल्या वडिलांनी अप्पांना हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"सकाळी दुकानावर बस. दुपारून ह्यांच्याकडं जात जा. माप शिकशील."