शेवटचं तेवढं पुन्हा म्हणा

लातूरच्या एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवायचो. त्यामुळे एसटीतही शेजारचा माणूस मला विद्यार्थीच वाटायचा. एकदा नांदेडहून परतताना शेजारी एक बाई बसल्या. मांडीवर लहानगी मुलगी, डोकं तुळतुळीत.

"तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?" मी हसून विचारलं.

"न्हाई हो भाऊ. रक्ताचा कॅन्सर हाय तिला. औषधानं केस गेले."

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी तास सुरू केला. लहान मुलांत हाच कॅन्सर सगळ्यात जास्त, त्याखालोखाल मेंदूतल्या गाठी, मग लसिकाग्रंथींचा, शिवाय मूत्रपिंडाचा. फळा नव्हता म्हणून बोटानं खिडकीच्या काचेवर आकृतीही काढली. पुढच्या सीटवरचे आजोबा वळून बघू लागले, तेव्हा मी घाईनं समारोप केला, "पण उपचार पुरे केले, की यातली बरीच लेकरं बरी होतात."

बाईंनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाकीचं ऱ्हाऊ द्या भाऊ. ते शेवटचं तेवढं पुन्हा म्हणा. हिला ऐकू द्या."

मी वाकून पाहिलं, तर मुलगी गाढ झोपली होती. क्लासमध्ये माइकवर गरजणारा माझा आवाज मी अगदी खाली आणला. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, आणि बाईंनी माझ्या मागोमाग ते हळूच म्हणून पाहिलं.